फौजदार काही खात नाही

सगुणा,

जन्मभर तुला ‘अगं’ म्हणून हाक मारली. तुझं नाव माझ्या हातानं पहिल्यांदा लिहिलं ते परवा, कबरीवरच्या लाकडी क्रूसावर रंगवायला सुताराला कागद द्यायचा होता म्हणून. अक्षरं तीन, आणि बावीस वर्षं पोरांना शुद्धलेखन घालणाऱ्या मास्तराच्या हातून दोनदा खाडाखोड झाली. शेवटी सुतारच म्हणाला, “ऱ्हाऊ द्या मास्तर, तुमी नुस्तं तोंडानं सांगा.” तोंडानंही सांगता येईना.

तुला जाऊन आज आठ दिवस झाले. पाळक येऊन प्रार्थना करून गेले. मंडळी गीतं गाऊन गेली. माझ्या बहिणीनं तिसगावच्या बाजारातून आणलेला भाजीपाला संपला आणि तीही तिच्या घरी गेली. आता घरात मी आहे आणि फौजदार आहे. आणि फौजदार काही खात नाही. एवढंच सांगायला आज सकाळी कागद घेऊन बसलो आहे. नीट रडणं मला कधी जमलं नाही, ते तुला ठाऊक आहे.

हे पत्र चुकून कुणा परक्याच्या हाती पडलं, तर त्याला वाटेल की पोलिसखात्यातला कुणी पाहुणा मास्तरांच्या घरी उपोषणाला बसला आहे. त्याला काय माहीत, की फौजदार म्हणजे रंग बदलणारा, वीतभर जिभेचा घोयरा जातीचा सरडा, आणि तो माझ्या बायकोनं पाळला होता! कुणी गाय पाळतं, कुणी कोंबड्या पाळतं. तू काय पाळशील याचा नेम कधीच नव्हता. माझ्यासारख्या माणसाशी बावीस वर्षं संसार केलास, तेव्हा अवघड जनावर सांभाळायची सवय तुला आधीपासूनच होती म्हणा.

तीन वर्षांपूर्वी विहिरीच्या वाटेवर बाभळीखाली माणसं जमली होती, हातात दगड घेऊन. घोयरा दिसला की ठेचायचा, हा आपल्याकडचा कायदा. त्याचा फुत्कार लागला तर माणूस मरतो म्हणतात. तू डोक्यावरची घागर खाली ठेवलीस आणि सरळ त्या माणसांच्या मध्ये जाऊन उभी राहिलीस. समोरच्या घरातली कोंडाबाई तुझा पदर ओढून ओरडत होती, “बाई, हात लावू नगा, जीव जाईल!” तू काठी पुढं केलीस. त्यानं एक पाय उचलला, हवेतच धरून ठेवला, विचार केला आणि मग काठीवर ठेवला. तशीच काठी धरून तू घरी आलीस, आणि घागर मला आणावी लागली.

मी म्हणालो, शाळामास्तराच्या घरात हे जनावर शोभत नाही. तू म्हणालीस, “बघा तर खरं. ह्येचा येक डोळा तुमच्यावर हाय आन् दुसरा माझ्यावर. फौजदार हाय ह्यो. आता घरात भांडान करायची सोय ऱ्हायली न्हाई.” असं त्याचं नाव पडलं. अंगणातल्या लिंबाच्या झाडावर त्याचं ठाणं झालं. भांडणं मात्र आपली चालूच राहिली, आणि त्यातलं एक तर तू अर्धवट टाकून गेलीस.

ते नंतर सांगतो. आधी त्याच्या खाण्याचं.

जायच्या आदल्या दिवशी तू म्हणालीस, “फौजदाराचं बघा.” दोनच शब्द. तुझ्या दागिन्यांचं, लुगड्यांचं, मागं काय करायचं त्याचं तू एका शब्दानं बोलली नाहीस. माझं काय होणार हेही विचारलं नाहीस. फक्त त्याचं बघायला सांगितलंस, आणि तेच माझ्या हातून होईना.

तुझी माती झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी त्याला लिंबावरून काढून घरात आणलं. अंगणात आता तुझा डोळा नव्हता. मांजरं होती, कावळे होते, दगड होते. बाभळीची फांदी काटे काढून मांडली, वर कोंबड्यांचं मोठं डालं पालथं घातलं आणि फटीतून ऊन येईल असं खिडकीशी ठेवलं. पाण्याची बशी आत सरकवली. मला वाटलं, तू असतीस तर म्हणाली असतीस, बरं केलंत.

नाकतोडे मिळेनात. बाजरी केव्हाच निघाली, जोंधळा अजून गुडघ्याला लागला नाही. तरी मी डोक्याचा रुमाल काढून बांधाबांधानं फिरलो. चष्मा सावरत, वाकत, उडी मारत. भीमा पाटलाच्या औतावरची माणसं थांबून बघत होती. बायकोच्या दुःखानं मास्तरांचं डोकं फिरलं, असं त्यांनी गावात सांगितलं, आणि मला ते खोडून काढावंसं वाटलं नाही. दोन दिवसांत चार नाकतोडे मिळाले, वाळलेल्या काडीसारखे. ते त्याच्यापुढं सोडले. त्यानं एक डोळा त्यांच्यावर फिरवला आणि दुसऱ्या डोळ्यानं भिंत बघत बसला.

मग मला तुझी कार्तिकातली युक्ती आठवली. दर वर्षी बाजरी निघाली की तू त्याला नाकतोड्यांवरून दुसऱ्या किड्यांवर वळवायचीस. मी ओट्यावर पाट्या तपासत बसायचो, बघत नाही असं दाखवत सगळं बघायचो. एक दिवस तू त्याला नुसतं उन्हात बसू द्यायचीस, खायला काही नाही. दुसऱ्या दिवशी एकच नाकतोडा. तिसऱ्या दिवशी ऊन अंगात मुरलं, त्याचा रंग पोपटी झाला, की झुरळाच्या पायाला दोरा बांधून तू ते त्याच्यापासून लांब, फांदीच्या टोकाला सोडायचीस. ते हळूहळू चढायचं. तू मुकाट्यानं दुसरीकडं तोंड करून उभी. मी एकदा न राहवून म्हणालो, “अगं, जवळ धर की त्याच्या तोंडाशी!” तू म्हणालीस, “द्यायचं न्हाई, दिसू द्यायचं. दिलेलं त्यो घेत न्हाई. आपून हुडकलं असं वाटलं की मग लई आवडीनं खातो.” आणि खरंच, तेवढ्यात जीभ सुटायची आणि झुरळ गेलेलं असायचं.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तू हे सांगितलंस त्याच वर्षी शाळेत एक मुलगी होती, धड्याचं पुस्तक पुढं केलं की दातखीळ बसल्यासारखी गप्प व्हायची. छडी झाली, समजावणं झालं. मग मी तिला पुस्तक देणंच बंद केलं. नुसतं चित्राचं पान उघडून ठेवायचो आणि दुसरीकडं बघायचो. पाचव्या दिवशी ती आपणहून वाचायला लागली. तपासनीस साहेबांनी शेरा दिला, शिक्षक कल्पक आहेत. तो शेरा मी तुला दोनदा वाचून दाखवला. युक्ती तुझी होती, हे काही तोंडातून निघालं नाही. तू म्हणालीस, “लई बरं झालं.” आता म्हणतो, सगुणा, ती कल्पकता तुझी होती. आता म्हणून काय उपयोग?

तर ती सगळी युक्ती मी बरहुकूम केली. उपास घातला, ऊन दिलं, दोरा बांधला. शाळेच्या कपाटातली झुरळं, उकिरड्यातली पांढरी हुमणी, दिव्याशी सापडलेल्या पाकोळ्या, एकामागून एक आणून बघितलं. दोरा लांब धरला, तोंड फिरवून उभा राहिलो. काही कमी ठेवलं नाही. बशीतलं पाणीही रोज बदललं, पण त्याला तो शिवतसुद्धा नाही, म्हणजे तहान तर त्याला नाहीच. काल माझा धीर सुटला. मी त्याला मुठीत धरलं आणि अंगठ्यानं जबडा उघडायला लागलो. तो काळा पडला. खालून वर, शाई पसरावी तसा काळा. तोंड वासून फुसफुसला आणि दोन्ही डोळे, दोन्ही, माझ्यावर रोखले. मी ओरडलो, “नखरे पुरे झाले!” आणि आपलाच शब्द ऐकून त्याला खाली ठेवलं.

कारण तो शब्द मी शेवटी तुझ्यासाठीच वापरला होता.

तूही काही खात नव्हतीस. नगरला डॉक्टरांकडं नेलं तेव्हा पायावरची सूज बघून ते म्हणाले होते, मीठ बंद, पाणी बेतानं, आणि अन्न पोटात गेलं पाहिजे. मी तिन्ही गोष्टी पाळल्या. बेतानं म्हणजे किती, हे मी ठरवलं: दिवसाला चार वाट्या. मास्तराला मोजमाप लागतं. तू जास्त मागायचीस, मी द्यायचो नाही. नेमानं वागलं की माणूस बरं होतं, असं मी तुला रोज सांगत होतो. तू दूधभाकरीचा घास तोंडात घोळवून बाहेर काढायचीस, पेजेची वाटी सरकवायचीस, कोंडाबाईनं आणलेलं अंडं तर बघायचीही नाहीस. मला वाटायचं, मन घट्ट केलंस तर खाशील. तू घट्ट मनाची होतीसच की.

आणि आता ते भांडण. तू अर्धवट टाकलेलं.

फौजदार आला त्या पहिल्या वर्षीची गोष्ट. रोज सकाळी, आपली घरची प्रार्थना व्हायच्या आधी, तू खालच्या फळीवरचा पितळी तांब्या घेऊन लिंबाखाली जायचीस. बोटं बुडवून फौजदारावर आणि भोवतालच्या पानांवर पाणी शिंपडायचीस. एकदा. थांबायचीस. दुसऱ्यांदा. थांबायचीस. मग तिसऱ्यांदा. आणि तुझे ओठ हलत असायचे. मी मंडळीचा पंच. दर रविवारी पुढच्या बाकावर बसणारा. पाळक लेकराच्या डोक्यावर तीनदा पाणी शिंपडतात ते मी किती वेळा पाहिलं असेल! एक दिवस मला राहवलं नाही.

“हे काय चालवलंयस?”

“ह्येला रोज—”

“तीनदा शिंपडतेस! वर पुटपुटतेस! बाप्तिस्म्याची थट्टा करतेस एका सरड्यावर?”

 तुला हसू आवरेना. “व्हय व्हय,” म्हणालीस, “मंडळीत येक मेंबर वाढला. पंचांच्या वहीत नाव घाला त्येचं.”

मी तुझ्या हातातून तांब्या हिसकला आणि पाणी मातीत ओतलं. पाथर्डीकडच्या दुष्काळी मुलखातल्या माणसानं पाणी मातीत ओतावं, यावरून माझा राग काय होता ते कळावं. तू एकदम गंभीर झालीस. “आवो, ऐकून तर घ्या माझं. त्येला—”

“मला काही ऐकायचं नाही.”

आठ दिवस मी बोललो नाही. नंतर माझ्यासमोर तू कधी शिंपडलं नाहीस, आणि मी वाद जिंकलो असं धरून चाललो. तू चिडवायचीस मात्र: “सरड्याची धाव कुंपणापर्यंत, आन् तुमची शाळेपासून देवळापर्यंत.” मी हसत नव्हतो. सगुणा, खरं सांगू का? आजही मला वाटतं की पद्धत म्हणून माझंच बरोबर होतं. पवित्र गोष्टीचा खेळ करू नये. पण तुझ्या त्या अर्ध्या वाक्याचं पुढं काय होतं, एवढं विचारायला हवं होतं. ‘त्येला’ काय?

दारात कुणी तरी आलं आहे. कोंडाबाईचा आवाज वाटतो. उरलेलं मग लिहितो.

*

वरचं सकाळी लिहिलं. आता दिवस मावळतो आहे. वरचं खोडत नाही. मी कसा माणूस आहे ते त्यात नीट उतरलं आहे, तुला वाचायला राहू दे.

कोंडाबाईच होती. तुझ्या मातीला थांबून दुसऱ्या दिवशी ती भाचीच्या लग्नाला कोपरगावला गेली होती, ती आज परत आली. बुंदीचा पुडा माझ्या हातात दिला, तुझ्या रिकाम्या घोंगडीकडं बघून पदर डोळ्याला लावला, आणि मग तिला डालं दिसलं.

“मास्तर, ह्ये काय? ह्येला कोंबडीवानी का झाकलंय?”

“मांजर खाईल म्हणून. पण तो जेवतच नाही, कोंडाबाई. आठ दिवस झाले. सगळे किडे आणून बघितले. फार नखरेल आहे.”

ती उकिडवी बसली, डालं उचललं आणि बराच वेळ बघत राहिली. एरवी घोयऱ्याच्या वाऱ्याला उभी न राहणारी बाई, पण तीन वर्षांत तूच तिची भीती घालवलीस. “डोळं आत गेल्यात की ह्येचं,” ती म्हणाली. “पानी देता का?”

“बशी भरलेली असते. शिवत नाही.”

“बशीत?” ती माझ्याकडं वळली. “आवो मास्तर, त्यो काय मांजर हाय का बशीत प्यायला? साठल्यालं पानी त्येला पानी वाटतच न्हाई. पानावरचा थेंब चाटतंय त्ये. लिंबावर हुतं तवा पावसाचं, न्हाईतर दवाचं मिळायचं. बाई तर उन्हाळ्या-हिवाळ्यात रोज शिपडायच्या. तीनदा. पयल्या खेपेला त्ये डोळं मिटून घेतं, दुसऱ्या खेपेला आंग झाडतं, आन् तिसऱ्या खेपेला जीभ काढतं. ‘घे राजा, घे,’ म्हनायच्या. मला दावलं हुतं त्यांनी.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “तुमाला न्हाई सांगितलं?”

“नाही,” मी म्हणालो.

हे खोटं बोललो, सगुणा. तू सांगायला लागली होतीस. दोनदा.

कोंडाबाई आपली बोलतच होती, फांदी चाचपत, त्याच्या पाठीवरची सुकलेली कातडी बघत. “पोटात पानी न्हाई तर किडा घशाखाली उतरल कसा? तान लागल्याल्या जिवाला घास गिळत न्हाई, मास्तर. त्ये नखरं नसत्यात.”

ती सरड्याबद्दल बोलत होती. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण मी भिंतीला टेकलो आणि तसाच खाली बसलो. तिला वाटलं, मला चक्कर आली. ती पाणी आणायला धावली. तांब्या शोधायला लागली. “तांब्या कुठं ठिवला?” मी हात वर केला. तांब्या वरच्या फळीवर होता. पाटावर चढल्याशिवाय हात पोचत नाही अशा फळीवर. मी तो तिथं ठेवला होता, आश्विनात, मी शाळेत असताना तू आपल्या हातानं पाणी घेतेस हे मला कळलं तेव्हा.

कोंडाबाईनं पाट घेतला, तांब्या काढला आणि मला देऊ लागली. मी म्हणालो, “मला नको. त्याला.” फौजदाराला फांदीसकट उचलून आम्ही लिंबाखाली नेलं. तिनं त्याला झाडावर चढवलं आणि तांब्या माझ्यापुढं धरला. “शिपडा.” मंडळीचा पंच, भर सकाळी, अंगणात, रस्त्यावरून माणसं जात असताना, मी बोटं बुडवली. एकदा. त्यानं डोळे मिटले. मी थांबलो. दुसऱ्यांदा. त्यानं अंग झाडलं. तिसऱ्यांदा पाणी त्याच्यावर कमी आणि माझ्या सदऱ्यावर जास्त पडलं. पण एका पानाच्या टोकाला थेंब लोंबत राहिला. त्यानं मान लांब केली आणि तो थेंब जिभेच्या टोकावर घेतला. मग दुसरा. त्याचा गळा हलत होता. कितीतरी वेळ, न थांबता, तो पानांमागून पानं चाटत गेला, आणि मी शिंपडत गेलो. तांब्या दोनदा भरून आणला.

दुपारी त्यानं झुरळ खाल्लं. दोरा नाही, उपास नाही, काही नाही. शाळेच्या कपाटातलं साधं झुरळ, जे मी याआधी दोऱ्याला बांधून त्याच्यापुढं सोडलं होतं. त्याच्यात नखरा असा काही नव्हताच.

कोंडाबाईला केवढा आनंद! “वाचलं बघा, मास्तर! बाईंच्या जिवाला बरं वाटल.” मी हो म्हणालो. ती गेल्यावर दार लावून घेतलं.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते तुला सांगतो. तुला तर ते माहीतच आहे.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी घरी आलो. तुझे ओठ फुटले होते. भाकरी दुधात कुसकरून वाटी तुझ्यापुढं ठेवली. तू म्हणालीस, “आधी येक घोट पानी द्या.” मी म्हणालो, सकाळच्या दोन वाट्या झाल्या आहेत. तू म्हणालीस, “येकच घोट. घशात उतरत न्हाई वो.” आणि मी, बावीस वर्षं पोरांना खडूच्या तुकड्याची लालूच दाखवून पाढे म्हणून घेणारा मास्तर, तुला म्हणालो, “आधी दोन घास खा. मग पाणी देतो. नखरे पुरे झाले.” तू भिंतीकडं तोंड केलंस. शाळेची घंटा झाली. मी जाताना म्हणालो, “चार वाजता येतो, तोवर वाटी रिकामी दिसली पाहिजे.”

चार वाजता वाटी तशीच होती. दुधावर साय धरली होती. आणि तुझी घोंगडी तुझ्या जागेपासून दोन हात पुढं, फळीच्या बाजूला ओढली गेली होती. तूही तिच्यावर होतीस, फळीकडं तोंड करून. माणसं यायच्या आत मी घोंगडी जागेवर नेली, तुला नीट निजवलं, तुझे हात जुळवले. पाळक म्हणाले, किती शांतपणे गेली. मी मान हलवली. आठ दिवस झाले, मी ती मान हलवतोच आहे.

डॉक्टरांकडं बोट दाखवायला जागा नाही. ते बेतानं म्हणाले होते. बेत माझा होता. सूज होतीच, कदाचित तू राहिली नसतीसच. असं मी स्वतःला सकाळपासून दहा वेळा सांगितलं. पण तहानलेली जायला नको होतीस. ते दुखण्यानं केलं नाही, ते मी केलं. तुझा घास का उतरत नाही हे तू मला सांगत होतीस, चांगल्या मराठीत, तीन शब्दांत. आणि मी ऐकलं नाही, कारण तुझं वाक्य पुरं होऊ द्यायची मला सवयच नव्हती. लिंबाखाली मी तुला दोनदा थांबवलं, तिथंच तू माझ्याशी बोलणं सोडलं असणार. मी त्याला वाद जिंकणं म्हणत होतो.

पाळक रविवारी क्षमेवर बोलतील. मला ठाऊक आहे काय बोलतील. देव करील क्षमा, त्याचं काम आहे ते. पण मला ती त्याच्याकडून नको आहे, आणि जिच्याकडून हवी ती काही बोलत नाही. तू कधी फार रागावतच नव्हतीस. आज रागावली असतीस तर बरं वाटलं असतं. येऊन तांब्या माझ्या डोक्यात घातला असतास तरी चाललं असतं.

फौजदार लिंबावर आहे. पोपटी झाला आहे. एक डोळा रस्त्यावर आहे आणि एक घराच्या दारावर. अंधार पडायच्या आत पुन्हा एकदा शिंपडून आलो. रस्त्यावरून जाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, “काय मास्तर, झाडाला पानी का?” मी म्हणालो, “नाही. ह्याला तहान लागते.” एवढं एक वाक्य. ते मी पुरं बोललो.

उद्यापासून रोज, प्रार्थनेच्या आधी. तीनदा. तो जगेल तेवढे दिवस.

वरच्या फळीचे खुंटे मी आत्ताच उपटून टाकले. तांब्या घासला, विहिरीचं ताजं पाणी भरलं आणि तुझ्या घोंगडीच्या उशाशी जमिनीवर ठेवला. वर मोजायची वाटी ठेवलेली नाही. उठायला लागणार नाही, सगुणा. हात नुसता लांब केलास की लागेल.